वळणावरचं कुत्रं

मिलिंद,

तू गेलास हे मला मान्य करावं लागलं. दुकानाचं शटर खाली आहे, तुझी काठी दाराच्या कोपऱ्यात उभी आहे आणि सकाळी चहाला दोनच कप लागतात. तिथे वाद घालायला जागा नाही. पण त्या जुन्या अपघाताचं तू जे कारण सांगत आलास ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आणि माणूस गेला म्हणून त्याचं म्हणणं आपोआप खरं होत नाही.

लोकांसमोर मी तुला तुम्ही म्हणायचे आणि घरात तू. हे लोक वाचतील, तरी इथे तूच म्हणते. तुम्ही म्हटलं की मला भांडता येत नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाला गोंदियालगतच्या फुलचूरचं आपलं अंगण भरून गेलं होतं. जो उठेल तो तुझं भलं बोलत होता. एकजण माईकवर म्हणाला, "मिलिंदभाऊ जिंदगीत कधी खोटं बोलले नाही जी." मी पांढऱ्या साडीत खाली मान घालून बसले होते. हसू आवरायला मला पदर तोंडाशी न्यावा लागला, आणि बायांना वाटलं मला हुंदका आला. शेजारच्या काकूंनी पाठीवरून हात फिरवला. मग खरंच रडू आलं, ते वेगळं.

माझा स्वभाव तुला ठाऊक. शाळेत मी कॉपी पकडणारी मॅडम. पोरं माझ्या वर्गात चप्पल काढूनच पेपरला बसतात, कारण चिठ्ठी कुठे कुठे असते ते मला कळतं. तू म्हणायचास, "तू परीक्षेच्या हॉलमधून घरी येतच नाही वो. माह्या शर्टाच्या कॉलरमध्ये का पाहून राहिली?" मी म्हणायचे, ज्याच्या कॉलरमध्ये काही नसतं तो असं विचारत नाही.

ती लाल गाडी आली तेव्हाही मी आधी कॉलरच पाहिली होती.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. एका राईस मिलच्या मालकाच्या मुलानं मुंबईहून हौसेनं आणलेली, दोन सीटची, बुटकी, विदेशी गाडी. काही महिन्यांत ती बंद पडली आणि मिलच्या शेडमध्ये कोंड्याच्या धुळीखाली उभी राहिली. मालकानं कंटाळून तुला म्हटलं, घेऊन जा बाबा, इथे जागा अडते. तुझं स्पेअर पार्ट्सचं दुकान, डोक्यात दुरुस्तीचा किडा. तू रोज दुकान बंद केल्यावर तिच्यापाशी जायचास. उशिरा घरी यायचास, अंगाला वेगळाच वास, चेहऱ्यावर वेगळंच हसू. मला वाटलं दुसरी आहे. दुसरी होतीच, फक्त तिला चाकं होती. खात्री करायला मी एकदा मागून आले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. तू बॉनेटमध्ये डोकं घालून तिच्याशी बोलत होतास. "चाल वो बाई, एकडाव चाल." मी आल्या पावली परत गेले. एवढ्या लाडानं तू माझ्याशी लग्नाच्या वर्षातच बोलला होतास.

चालली ती. आणि काय चालली! गोंदियाच्या रस्त्यावर रिक्षावाले थांबून बघायचे. तू मला सगळं समजावून सांगायचास, मी ऐको न ऐको. साध्या गाडीला पुढची चाकं ओढतात. हिला मागची ढकलतात आणि पुढची फक्त वळवतात, म्हणून ती हाताला हलकी लागते, मजा येते. पण टायरला पकड असते ती मोजकीच. त्यातलीच वळायला जाते, त्यातलीच ढकलायला, त्यातलीच थांबायला. मागच्या टायरनं वळण धरलेलं असताना ॲक्सिलरेटर जास्त दाबला की पकड संपते आणि गाडीची पाठ सुटते, मागचा भाग बाहेर फिरतो. "पुढून ओढणारी गाडी घसराच्या आधी कुरकुर करते, टाइम देते," तू म्हणायचास. "हे शेवटपर्यंत गोड बोलते, अन् मग एकदम पाठ फिरवते." मी म्हटलं, म्हणूनच मला गोड बोलणाऱ्यांचा भरवसा नाही.

दिवाळी उलटल्यावर आपल्या धानाच्या बांधीतला नवा तांदूळ माहेरी, तिरोड्याला पोचवायचा, हा आपला दर वर्षीचा नेम. त्या वर्षी आपल्या लहानग्या लेकीला, श्रावस्तीला, तुझ्या आईकडे ठेवलं आणि आपण दोघं लाल गाडीतून निघालो. डिक्कीत तांदळाचा कट्टा, भरलं पोतं, मीच ठेवायला लावला. तू खूश झालास. आपल्याकडे पाठ उडणाऱ्या प्रत्येक गाडीवर एकच औषध, मागे कट्टा टाका. जीपवाले टाकतात, व्हॅनवाले टाकतात. "बरं झालं, मागं वजन राहील," तू म्हणालास आणि डिक्कीवर थाप मारलीस.

पुढचं मी सगळ्यांना सांगत आले तेच इथे सांगते. सकाळची वेळ, रस्ता दवानं ओला. नाल्याच्या अलीकडचं ते लांब वळण. तू वेगात होतास. मी ओरडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी गोंदियाकडे तोंड करून उभी होती आणि तुझ्या बाजूचं दार मोहाच्या झाडात घुसलं होतं. मला ओरखडासुद्धा नव्हता. तुझा उजवा गुडघा गेला होता.

दवाखान्यात बाबा आले. माझे बाबा म्हणजे पंचशील नुसतं म्हणणारे नाहीत, पाळणारे. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, घेणाऱ्याच्या घरी पाणी प्यायले नाहीत. पलंगाशी उभे राहून त्यांनी तुला तोंडावर विचारलं, "जवाई, पिऊन होते का?"

तू छताकडे पाहिलंस आणि म्हणालास, "थोडी, जी."

मी तिथेच उभी होते. मी तुझ्या शेजारी बसून आले होते, त्या चिमुकल्या गाडीत, खांद्याला खांदा लावून. तुझ्या तोंडाला चहाचा वास होता. बाबांना मी शंभरदा सांगितलं, की हे खोटं आहे. ते म्हणाले, "नवऱ्याले वाचवून राहिली तू. तो सोता कबूल करून राहिला." त्या दिवसापासून बाबा तुझ्या कुठल्याच गाडीत बसले नाहीत. आपल्याकडे यायचे ते एसटीनं, जायचे ते एसटीनं. आणि घरी वंदना झाली की पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाला त्यांचा आवाज चढायचा आणि नजर तुझ्यावर यायची. तू हात जोडून, डोळे मिटून, त्यांच्यामागोमाग नीट म्हणायचास. तुझा चेहरा मी बघायचे. त्यावर काहीही नसायचं. कॉपी करणाऱ्या पोरांत सगळ्यात हुशार जो असतो, त्याच्या चेहऱ्यावरही काही नसतं.

जो माणूस न पिता पिलो म्हणतो, त्याच्या पोटात दारूहून मोठं काही असतं. हा माझा सिद्धांत. ते काय, एवढंच मला हवं होतं.

मी विचारलं तर म्हणालास, कुत्रं आडवं आलं. कोणतं कुत्रं? काळं. मग पुढच्या दिवाळीला तुझ्या भावाला सांगताना कुत्रं तपकिरी झालं. मी रंगाचं धरलं तर म्हणालास, टायरच गुळगुळीत होते. टायर तर तू स्वतः बसवले होतेस. मग म्हणालास, दव होतं. मग एकदा चुकून खरं बोलल्यासारखा बोललास. मागे कट्टा होता, मागे वजन असलं तर पकड राहते, पण एकदा पाठ सुटली की तेच वजन तिला आणखी बाहेर फेकते, आपल्या लोकांची समजूतच उलटी. हे बोललास, माझ्याकडे पाहिलंस, आणि पुन्हा आयुष्यात कट्ट्याचं नाव घेतलं नाहीस. इतका पटणारा मुद्दा कुणी असा सोडून देतं? वकील तर जन्मभर धरून बसला असता. माझा संशय तिथे दुप्पट झाला.

काय काय मनात आणलं मी! कुणाशी शर्यत लावली होतीस. गाडीत आधीच काही बिघाड होता आणि तुला माहीत होता. मला मारायला निघाला होतास, हेही एकदा मनात आलं, तुझ्या आईशी भांडण झालं त्या दिवशी. तुला हे सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की काठी हातातून पडली. "मारायचं असतं तं माह्या साइडनं कायले ठोकली असती वो?" मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

गुडघा वाकत नव्हता, म्हणून दुकानाची व्हॅन मला शिकावी लागली. तू शेजारी बसून शिकवलंस. गिअर, क्लच, रिव्हर्स, सगळ्यात तू ढिला होतास, फक्त एका गोष्टीत जमदग्नी. वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. हळू व्हायचं ते वळणाच्या आधी. एकदा आत गेलं की पाय आहे तिथे ठेवायचा, घाबरली तरी. "का?" मी विचारायचे. "व्हॅनबी मागूनच ढकलते, म्हणून." म्हणजे काय? "म्हणजे उचलायचा नाही. काऊन एवढे सवाल करून राहिली?" सगळ्या जगाला तासभर समजावणारा माणूस मला एका वाक्यात गप्प करत होता. हेही मी लक्षात ठेवलं.

आणि ती परात. श्रावस्ती दहावीत होती, विज्ञानाचं काही विचारत होती. मी शाळेतून आले तर तू परातीत पाणी भरून तिला स्वयंपाकघरभर चालवत होतास. "आता एकदम थांब." ती थांबली, पाणी पुढच्या काठावरून फरशीवर सांडलं. तू म्हणालास, "पाहिलं? अचानक थांबलं की सगळं वजन पुढे येते. मागं काही राहत नाही. गाडीचंबी तसंच. मागच्या चाकावरचं वजन गेलं की पकड गेली. ब्रेकच पाहिजे असं नाही, नुसता पाय..." तेवढ्यात मी दिसले. तू परात तिच्या हातातून काढून घेतलीस आणि म्हणालास, "जा, पोछा घेऊन ये." मी दारात उभी राहून पुढचं ऐकायला थांबले होते. पुढचं आलंच नाही. बाप आणि लेक माझ्यापासून काही लपवतात, असा समज करून घेऊन मी आठवडाभर दोघांशी तुटक वागले.

हे सगळं तुला आज लिहिते, कारण मागच्या रविवारी मी तिरोड्याला गेले होते.

तू नाहीस तरी नवा तांदूळ आहेच. नेम कुणी मोडायचा? सकाळी व्हॅनच्या मागे कट्टा टाकला, श्रावस्ती शेजारी बसली, कानात वायर घालून. बाबांनी जेवायला लवकर बोलावलं होतं आणि आम्हाला घरून निघायलाच उशीर झालेला. धानाचे ट्रॅक्टर जाऊन जाऊन रस्त्यावर चिखलाचे पट्टे पडले होते, वर दव. नाल्याच्या अलीकडचं ते वळण आलं तेव्हा मी तुझाच विचार करत होते. मोहाचं झाड अजून तिथेच आहे. त्याकडे बघण्याच्या नादात मी वळणाच्या आधी हळू व्हायला विसरले. आत शिरले तेव्हा वेग जास्त होता, पण गाडी धरून चालली होती. पाय होता तिथे होता. निघालो असतो आपण, म्हणजे आम्ही.

तेवढ्यात श्रावस्तीनं मान वर केली आणि किंचाळली, "मम्मी, हळू!"

माझा पाय उचलला गेला.

मी उचलला नाही. तो मला विचारायला थांबलाच नाही. आणि त्याच क्षणी माझ्या बसण्याखालून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. स्टिअरिंग हातात जसंच्या तसं, आणि मागचा भाग मला मागे टाकून पुढे यायला निघालेला. व्हॅन अर्धी फिरली, चिखलातून खरडत गेली आणि कडेच्या गवतात उतरून थांबली. झाडाला लागली नाही. आमच्यापैकी कुणाला काही झालं नाही.

इंजिन बंद पडलं होतं. इतकं शांत झालं की मला माझाच आवाज ऐकू आला, जुना. "अरे हळू!" त्याच जागी, त्याच वळणात, त्या लाल गाडीत तुझ्या खांद्याला लागून बसून मी हेच ओरडले होते. सगळ्यांना सांगत आले ना मी, मी ओरडले, डोळे मिटले? काय ओरडले, ते कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. लोकांच्या चिठ्ठ्या शोधणारी मी.

तुझा पाय तेव्हा होता तिथे होता. गाडी धरून चालली होती. तू निघाला असतास. मी हळू म्हटलं आणि तुझा पाय वर आला, परातीतलं पाणी पुढे आलं, पाठ सुटली, आणि माझ्या आईसाठी माझ्याच सांगण्यावरून ठेवलेल्या कट्ट्यानं ती झाडापर्यंत नेली. तुला हे पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. गाडीचं तुला काय ठाऊक नव्हतं! म्हणून कुत्रं. म्हणून टायर, म्हणून दव. म्हणून कट्टा बोलून गेलास आणि जीभ चावलीस. म्हणून परात हिसकावलीस. आणि बाबा पलंगाशी उभे राहिले तेव्हा, ते पुढे आणखी काही विचारतील आणि मी सांगत बसेन की मी कशी ओरडले, त्याआधीच तू म्हणालास, थोडी, जी.

मला तुझा राग आला, मिलिंद. गवतात तिरप्या उभ्या व्हॅनमध्ये बसून मी तुला शिव्या दिल्या, मनातल्या मनात, आपल्या गावाकडच्या. एकदा सांगायचं होतंस. मी काय मरून गेले असते? रडले असते, तुझ्या गुडघ्याला तेल लावताना आणखी थोडी हळू चोळलं असतं, झालं असतं. त्याऐवजी तू मला माझा संशय ठेवू दिलास. बायकोचा संशय चालेल, सासऱ्याचा तिरस्कार चालेल, गावानं दारुड्या म्हटलेलं चालेल, पण हिला ते कळायला नको. कुणी मागितला होता एवढा मोठेपणा? आणि तरीही, तू असतास तर मी तिथल्या तिथे तुझ्या पायावर डोकं ठेवलं असतं. त्या वाकत नसलेल्या पायावर. खरं सांगते.

आता नवीनच संशय लागला आहे. हे एक असं निघालं, तर तू माझ्यापासून आणखी काय काय झाकून ठेवलं असशील? विचारायचं कुणाला?

 श्रावस्तीच्या गळ्यात वायर लोंबत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी, मी ओरडली म्हणून झालं का?"

तिचा चेहरा तुझ्यावर गेला आहे, पण डोळे माझे आहेत. त्या डोळ्यांत मी जन्मभराचं काहीतरी बसायला आलेलं पाहिलं. दाराशी आलं होतं, अजून आत बसलं नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं. "कुत्रं आडवं आलं."

वाक्य माझ्या तोंडातून निघालं, पण चाल तुझी होती.

तिरोड्याला पोचल्यावर मी श्रावस्तीला तिच्या आजीकडे आत पाठवलं आणि बाबांना अंगणात सगळं सांगितलं. ओरडणं, पाय, कट्टा, सगळं. बाबा आता थकलेत, ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं.  ते बराच वेळ हातातली टोपी फिरवत बसले.

"मंग त्यानं सांगतलं काऊन नाही?"

"तुम्हीच सांगा, बाबा. काऊन नाही सांगतलं?"

बाबा उठले. आत गेले. मला वाटलं झोपले. जेवणं झाली, मी निघायची तयारी केली, तर बाबा धुतलेला सदरा घालून, पिशवी घेऊन दारात उभे.

"गाडीत जागा हाय का? मले गोंदियाले यायचं हाय. जवायाच्या फोटोसमोर बसाचं हाय थोडं."

ते मागच्या सीटवर बसले. कट्टा उतरवल्यावर मोकळी झालेली जागा. इतक्या वर्षांनी बाबा तुझ्या गाडीत बसले आणि चालवायला तू नव्हतास. मी आरशात बघितलं तर त्यांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती.

परतीला ते वळण आलं. मी आधीच हळू झाले. पाय होता तिथे ठेवला. व्हॅन गुमान वळली. मोहाचं झाड बाजूनं गेलं आणि गवतातल्या आमच्या चाकांच्या खुणा दिसल्या. श्रावस्ती मान वळवून त्या बघत राहिली. ती लेक कुणाची?

"मम्मी," ती म्हणाली, "कुत्रं कोणत्या रंगाचं होतं? मला तर नाही दिसलं."

मागे बाबा खोकले. मी समोर बघत राहिले.

"काळं," मी म्हटलं.

तू रंग बदललास, मिलिंद, म्हणून सापडलास. माझं कुत्रं मरेपर्यंत काळंच राहील.